फुकटाचें मोल

ज्या मजकुराचें वाचन आज महाराष्ट्रांत सर्वांत अधिक होतें, त्याचें परीक्षण वाङ्मयविषयक मासिकांतून सहसा येत नाहीं. कादंबरीची एक आवृत्ति खपावयास वर्षें लागतात. काव्यसंग्रह बहुधा कवीच्या मित्रमंडळींतच जिरतो. परंतु हातांतल्या स्मार्टफोनच्या पडद्यावर उमटणारीं दोन-चार शब्दांचीं वाक्यें बारामतीच्या मंडईंतील भाजीवाला, इंदापूरच्या बसस्थानकावर थांबलेली विद्यार्थिनी आणि भिगवणचा मच्छिमार हीं सारीं माणसें दिवसांतून कित्येक वेळां वाचीत असतात. हीं वाक्यें कोणी तरी लिहिलेलीं असतात. त्यांत शब्दांची निवड असते. वाचकाविषयीं कांहीं एक कल्पना असते. त्यास कोठें थांबवावें आणि कोठें घाई करावयास लावावी, याचा विचार असतो. ज्यास लेखक आहे, वाचक आहे आणि हेतुही आहे, तें टीकेच्या कक्षेबाहेर कां राहावें, हें आम्हांस कळत नाहीं. म्हणून नित्याच्या व्यवहारांत उपयोगीं पडणाऱ्या आणि ज्यांस दाम मोजावा लागत नाहीं अशा कांहीं निवडक ॲपांचें परीक्षण येथें योजिलें आहे.

प्रथम शब्दाविषयीं. 'ॲप' या शब्दास 'उपयोजन' आणि 'अनुप्रयोग' असे संस्कृत पर्याय सुचविले गेले आहेत. ते अर्थास धरून आहेत. तथापि लोकांच्या तोंडीं बसलेले नाहींत. सावरकरांचे 'महापौर' आणि 'दिग्दर्शक' हे शब्द रूढ झाले, कारण ते उच्चारावयास मूळ शब्दाहून जड नव्हते आणि कानास गोड होते. 'ॲप' हा शब्द दीड अक्षराचा; त्याच्या जागीं पांच अक्षरें कोणी बोलेल ही आशा व्यर्थ आहे. शिवाय मराठीनें त्यास एव्हांना नपुंसकलिंग बहाल केलें आहे, 'ॲपवर', 'ॲपांत', 'ॲपचा' अशा विभक्ति व प्रत्ययही लावले आहेत. ज्या शब्दास भाषेनें लिंग दिलें आणि प्रत्यय लावला, तो त्या भाषेचा झाला असें समजावें. 'टेबल' आणि 'स्टेशन' यांच्या पंक्तींत तो आतां खुशाल बसूं द्यावा.

दुसरा शब्द अधिक महत्त्वाचा आहे. तो म्हणजे 'फुकट'. 'फुकट', 'मोफत' आणि 'विनामूल्य' हे तीन शब्द मराठींत एकाच अर्थानें चालतात असें वरवर दिसतें. पण कान देऊन ऐकणारास त्यांतील भेद तत्काळ जाणवतो. 'विनामूल्य' हा व्याख्यानाच्या निमंत्रणपत्रिकेवर शोभणारा शब्द आहे. त्यांत देणाराचा भारदस्तपणा आहे. 'मोफत' हा फारसीच्या वाटेनें आलेला शब्द सरकारी योजनेचा आणि दुकानाच्या पाटीचा आहे. त्यांत देणाराची जाहिरात आहे. 'फुकट' हा मात्र घरचा शब्द, आणि घरच्या माणसाप्रमाणें तो खरें बोलतो. दिवस फुकट गेला, श्रम फुकट गेले, असें आपण म्हणतों तेव्हां पैशाचा संबंधही नसतो. वायां गेले एवढाच अर्थ असतो. जें मोलावांचून मिळतें आणि जें वायां जातें, त्या दोहोंस एकच शब्द देणाऱ्या भाषेनें सावधगिरीची सूचना आधींच देऊन ठेविली आहे. 'दिल्या भाकरीचा, सांगितल्या चाकरीचा' ही म्हण तीच सूचना अधिक स्पष्ट करते. भाकर घेतली कीं चाकरी पाठोपाठ येतेच. प्रश्न असतो तो एवढाच कीं, भाकर देणारा कोण आणि चाकरी कोणती.

जें फुकट म्हणून हातीं येतें त्याचे तीन प्रकार आहेत, आणि ते तिन्ही आमच्या बारामती-इंदापूरच्या मनुष्यास परंपरेनें ठाऊक आहेत. पहिला प्रकार आश्रयाचा. मोरोपंत (१७२९–१७९४) बारामतींत राहिले ते बाबूजी नाईक यांच्या आश्रयानें. पंतांचें पुराण ऐकणारास दाम मोजावा लागत नसे, कारण तो नाईकांनीं मोजलेला असे. दुसरा प्रकार अन्नदानाचा. आषाढी वारीच्या वाटेवर तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगांव केतकी, इंदापूर अशी पुढें जाते, तेव्हां गांवोगांव वारकऱ्यांस जेवूं घातलें जातें. तेथें देणारा पुष्कळदां आपलें नांवही सांगत नाहीं, आणि घेणारा पुढच्या मुक्कामास निघून जातो. तिसरा प्रकार बाजाराचा. गुळाच्या अडतीवर व्यापारी गिऱ्हाइकाच्या हातावर एक खडा ठेवतो. तो फुकट असतो, पण त्याच्यामागें साऱ्या ढेपेचा हिशेब असतो. फोनवरील फुकट ॲपें या तीन प्रकारांबाहेरचीं नाहींत. कांहींचा खर्च सरकार सोसतें, म्हणजे करदाता सोसतो, कांहींचा देणगीदार, आणि उरलेल्यांचा कंपन्या सोसतात, पुढच्या लाभाकडे दृष्टि ठेवून. प्रकार ओळखल्याखेरीज परीक्षण करणें म्हणजे पुराण, पंगत आणि अडत यांस एकाच मापानें मोजणें होय.

आतां माप कोणतें, तें सांगतों. प्रत्येक ॲपास तीन प्रश्न विचारावेत. तें आपलें काम नीट करतें काय? तें ज्याच्यासाठीं आहे त्याच्या भाषेंत बोलतें काय? आणि तिसरा, आमच्या मतें सर्वांत मोठा प्रश्न: त्यास 'नको' म्हणण्याची मुभा वापरणारास आहे काय?

या तालुक्यांत ज्या ॲपाशीं लोकांचें हित सर्वांत निकट जडलेलें आहे, त्यापासून आरंभ करणें योग्य होईल. तें म्हणजे 'ई-पीक पाहणी'. १५ ऑगस्ट २०२१ रोजीं तें राज्यभर अंमलांत आलें. त्यापूर्वीं कोणत्या शेतांत कोणतें पीक उभें आहे याची नोंद तलाठ्यानें गांव नमुना बारामध्यें करावयाची असे. गांव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची, आणि बारा म्हणजे तींत काय पिकलें. या दोहोंचा मिळून आपला 'सातबारा' झाला. आतां ती बारा नंबरची नोंद शेतकऱ्यानें स्वतः करावयाची आहे. शेतांत उभें राहून, पीक निवडून, क्षेत्र लिहून, पिकाचें छायाचित्र काढून ती पाठवावी लागते; छायाचित्राबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात.

वाङ्मयाच्या दृष्टीनें पाहतां ही साधी गोष्ट नव्हे. दप्तर हा आपल्याकडील एक अत्यंत बलाढ्य ग्रंथ आहे, आणि शेतकरी हा त्या ग्रंथाचा केवळ विषय होता. लेखक कोणी दुसराच. त्याच्या शेतांत काय होतें हें चावडींत ठरत असे. आपल्या शेताविषयींचें वाक्य आपल्या हातानें लिहिण्याचा अधिकार त्यास प्रथमच मिळाला, ही या ॲपाची थोरवी आहे आणि ती मोकळेपणानें मान्य केली पाहिजे.

त्याच्या भाषेसंबंधींही आमचें मत अनुकूल आहे. सरकारी मराठी म्हटली कीं इंग्रजी वाक्याचा संस्कृत अंगरखा, असा आपला अनुभव. पण येथें 'निर्भेळ पीक', 'मिश्र पीक', 'चालू पड', 'कायम पड', 'बांधावरचीं झाडें' असे शब्द भेटतात. हे कोणा भाषांतरकारानें टेबलाशीं बसून घडविलेले नव्हेत; महसुली दप्तर आणि शेतकऱ्याची जीभ यांच्या दीर्घ सहवासांतून ते आले आहेत. 'चालू पड' या दोन शब्दांत जमीन यंदापुरती पडीक आहे, कायमची नव्हे, हा सगळा आशय मावतो. ज्या शेतकऱ्यास ॲप म्हणजे काय हें ठाऊक नव्हतें, त्यासही 'पड' म्हणजे काय हें ठाऊक होतें. परक्या यंत्रांत शिरतांना ओळखीचा शब्द दाराशीं उभा असणें, हें केवढें धैर्य देतें, तें अशा दारांत एकदां अडखळलेल्या मनुष्यासच समजेल.

परंतु जेथें दप्तराचे शब्द चांगले, तेथें दप्तराचें काळाचें माप मात्र तोकडें पडतें. हंगाम निवडतांना खरीप, रब्बी, उन्हाळी आणि संपूर्ण वर्ष असे पर्याय असतात. आमच्या नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यांत मुख्य पीक ऊस; आणि त्यांत आडसाली ऊस हा आषाढ-श्रावणाच्या सुमारास लागतो व सोळा ते अठरा महिने उभा राहतो. महसुली वर्ष मात्र १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपतें. म्हणजे 'संपूर्ण वर्ष' या शब्दांत आडसाली ऊस पुरता मावत नाहीं. एकच पीक दोन वर्षांच्या दप्तरांत उभें राहतें. बोलतांना शेतकरी आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा असे चार भेद सहज करतो. ज्या भाषेनें हे चार शब्द घडविले तिची काळाची जाण अधिक बारीक आहे. यंत्रास ती शिकविणें हेंच सुधारणेचें खरें काम होय.

आणि तिसऱ्या प्रश्नापाशीं हें ॲप अडतें. त्यास नको म्हणतां येत नाहीं. नोंद झाली नाहीं तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाहीं. पीक दिसत नसलें म्हणजे विम्याची भरपाई, हमीभावाची खरेदी, आपत्तींतील साहाय्य या सर्वांच्या वाटेंत धोंड पडते. २०२३ सालीं कांद्याच्या अनुदानाच्या वेळीं सातबाऱ्यावरील या नोंदीचाच प्रश्न राज्यभर गाजला: कांदा पिकविला आणि विकलाही, पण कागदावर तो उगवलाच नव्हता. अशा वेळीं ज्या वृद्धेचा मुलगा पुण्यास चाकरीस आहे आणि फोन त्याच्याजवळ आहे, जो वाट्यानें दुसऱ्याचें रान कसतो आणि ज्याचें नांव उताऱ्यावरच नाहीं, ज्याच्या शिवारांत रेंज येत नाहीं, त्यांनीं काय करावें? स्वतः नोंद न करूं शकणाऱ्यांसाठीं गांवपातळीवर सहायकांची व्यवस्था पुढें आली, ही गोष्ट चांगलीच झाली. पण त्या व्यवस्थेची गरज पडली यांतच टीकेचें सार आहे. ॲप फुकट आहे; फोन फुकट नाहीं, डेटा फुकट नाहीं, आणि मुलाची पुण्याहून एक दिवसाची खेप तर मुळींच फुकट नाहीं. जें फुकट असून सक्तीचें आहे, त्याची किंमत शून्य नसते. ती फक्त पावतीवर लिहिलेली नसते.

हाच धडा २०२० च्या साथींत 'आरोग्य सेतु'नें दिला होता. एप्रिलांत तें स्वेच्छेचें म्हणून आलें, मे महिन्याच्या आरंभीं नोकरदारांस सक्तीचें झालें, आणि त्याच महिन्यांत ती सक्ति सैल करावी लागली. दारीं आलेलें औषध घ्यावें कीं न घ्यावें, हें विचारण्याची रीत मोडली कीं औषधाविषयींचाच संशय वाढतो.

सरकारी आश्रयाचीं दुसरीं दोन ॲपें याच्या उलट बाजूस आहेत. 'मेघदूत' हें २०१९ सालीं पृथ्वीविज्ञान आणि कृषि या दोन खात्यांच्या वतीनें निघालें. आठवड्यांतून दोन वेळां, मंगळवारीं आणि शुक्रवारीं, हवामानाचा अंदाज व त्यास धरून शेतीचा सल्ला त्यांतून दिला जातो, आणि तो मराठींतही मिळतो. नांव ठेवणारानें कालिदास वाचलेला होता हें उघड आहे. मात्र त्यानें काव्याची दिशा उलटी केली. यक्षानें मेघाकरवीं आपल्या प्रियेस निरोप धाडला. येथें माणसेंच मेघाची वार्ता माणसांस धाडीत आहेत. हेंही दौत्यच होय, आणि विरहिणीहून पेरणी करणारास त्याची निकड कमी नाहीं. त्याचा दोष कल्पनेचा नसून भूगोलाचा आहे. सल्ल्याचा पाया जिल्हा हा धरलेला आहे. आणि पुणें जिल्हा हा एक हवामानाचा प्रदेश नव्हेच. एका टोकास लोणावळ्याचा घाट जेथें पाऊस कोसळतो, आणि दुसऱ्या टोकास पर्जन्यछायेंतलें इंदापूर जेथें ढग पाहण्यांतच श्रावण सरतो. दोहोंस एक सल्ला म्हणजे दोघां रोग्यांस एकच काढा.

'दामिनी' हें पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचें ॲप आम्हांस या सर्वांत अधिक आवडतें, आणि त्याचें कारण त्याची मितभाषिता. देशभर बसविलेल्या संवेदकांवरून वीज कोठें पडली तें त्यास कळतें. आपल्या भोंवतीं वीस आणि चाळीस किलोमीटरांचीं वर्तुळें आंखून, गेल्या पांच, दहा, पंधरा मिनिटांतील विजा तें निरनिराळ्या रंगांच्या ठिपक्यांनीं दाखवितें, आणि त्यानंतर काय करावें तेंही थोडक्यांत सांगतें. वैशाखांतील वळवाच्या वेळीं ऊसाच्या फडांत किंवा मेंढ्यांमागें उजाड माळावर असलेल्या मनुष्यास निबंध वाचावयास सवड नसते. त्यास एकच गोष्ट हवी: झाडाखालीं थांबूं नकोस, घरीं जा. कामापुरतें बोलावें, काम झालें कीं गप्प बसावें, आणि पुन्हां काम पडेपर्यंत दारांत येऊं नये, हा उत्तम सेवकाचा गुण या ॲपांत आहे. पुढें ज्या बाजारी ॲपांकडे वळावयाचें आहे, त्यांत नेमका हाच गुण दुर्मिळ आहे.

बाजारांतील ॲपांत अग्रस्थान 'व्हॉट्सॲप'चें. त्याचे उपकार नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. कालव्याच्या पाळीची वार्ता, कारखान्याच्या ऊसतोडीची तारीख, गांवांतील लग्न आणि मयत, मुलांचे अभ्यासाचे कागद, हें सर्व त्यावरून फिरतें. २०१६ पासून त्यांतील मजकूर पाठविणारा आणि घेणारा यांच्यावांचून तिसऱ्यास, कंपनीसही, वाचतां येत नाहीं अशी व्यवस्था आहे. पण पत्र मोहोरबंद असलें तरी पाकिटावरचा पत्ता टपालवाल्यास दिसतोच. कोण कोणाशीं, केव्हां आणि किती वेळां बोलतो, एवढ्यावरूनही पुष्कळ कळतें. २००९ सालीं निघालेली ही कंपनी २०१४ मध्यें फेसबुकनें सुमारें एकोणीस अब्ज डॉलर देऊन विकत घेतली. ज्या वस्तूसाठीं आपण एक पैसाही दिला नाहीं तिचें मोल दुसऱ्या कोणास एवढें वाटलें, तर विकली गेली ती वस्तु कोणती, हा प्रश्न सुज्ञ वाचकाच्या मनांत यावा. २०२१ मध्यें कंपनीनें माहितीच्या वापराविषयींच्या अटी बदलल्या आणि त्या मान्य कराव्या, नाहीं तर ॲप सोडावें, असा पवित्रा घेतला. भारतीय स्पर्धा आयोगानें नोव्हेंबर २०२४ मध्यें याबद्दल मूळ कंपनीस २१३ कोटींहून अधिक रुपयांचा दंड केला. पुढें त्यावर अपीलही झालें. दंडाच्या रकमेहून त्यामागील विचार आम्हांस महत्त्वाचा वाटतो. जेथें सारा गांव एकाच पारावर बसतो, तेथें 'आवडत नसेल तर उठून जा' हें सांगणें म्हणजे मुभा देणें नव्हे. सक्ति केवळ सरकारच करतें असें नाहीं, गर्दीही करते.

पैशाच्या देवघेवीचीं ॲपें याहून निराळीं आहेत. एप्रिल २०१६ मध्यें 'यूपीआय' ही व्यवस्था उभी राहिली आणि त्याच वर्षीं ३० डिसेंबरला 'भीम' ॲप आलें. मंडईंत जुडीभर मेथीचे दहा रुपये आतां फोनवरून जातात, आणि गल्ल्याशेजारचें बोलकें यंत्र रक्कम मोठ्यानें सांगतें. अक्षरशत्रु विक्रेतीस पडद्याचें वाचन टळावें म्हणून यंत्रानेंच तोंड उघडावें, ही कल्पना आम्हांस फार मार्मिक वाटते. साक्षरतेची वाट न पाहतां तिनें मराठी उच्चाराचा आश्रय केला. जानेवारी २०२० पासून या व्यवहारांवर दुकानदाराकडून आकार घेतला जात नाहीं. त्याचा भार बँका आणि सरकारी अनुदान यांवर पडतो. म्हणजे येथें बाजार आणि आश्रय हे दोन्ही प्रकार एकत्र नांदत आहेत. एक गुण मात्र निःसंशय: याच्या शेजारीं नाणें आणि नोट अजून जिवंत आहेत. ज्यास फोन नको आहे, तो दहा रुपयांची नोट पुढें करूं शकतो. ही वाट उघडी आहे तोंवर हें ॲप सोय आहे. ती बंद होईल त्या दिवशीं तें ओझें होईल.

'व्हेअर इज माय ट्रेन' या लांबलचक इंग्रजी नांवाचें ॲप दौंड मार्गावर प्रवास करणारांच्या फोनवर हमखास आढळतें. बारामतीहून दौंड गांठणें आणि तेथें पुढची गाडी पकडणें हा आमच्या भागांतील मनुष्याचा जुना उद्योग. गाडी कोठें आहे हें कळणें हें त्यांत अर्धें यश. गाडींत बसलेल्या मनुष्यास हें ॲप मोबाईलच्या मनोऱ्यांवरून ठिकाण ओळखून, इंटरनेट नसतांनाही, गाडीचा ठावठिकाणा सांगूं शकतें. नांव इंग्रजी असलें तरी आंत मराठीची निवड करतां येते. एका लहान भारतीय मंडळीनें हें घडविलें आणि २०१८ सालीं तें गूगलनें घेतलें. लहान झऱ्याचें पाणी शेवटीं मोठ्या धरणांत जातें, हा या धंद्याचा नियमच दिसतो. म्हणून फुकट वस्तूची आजची नीति तिच्या उद्यांच्या मालकाची नीति असेलच असें नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

लिहिणाऱ्या मनुष्यास कळफलकाचें ॲप वगळतां येणार नाहीं. गूगलनें २०१७ मध्यें मराठीसह कांहीं भारतीय भाषांतून बोललेलें टिपून घेण्याची सोय केली. ज्यांचा हात मोडी-बाळबोधींत वळला पण यंत्रावर वळला नाहीं, अशा वडील मंडळींस तिनें पुनः पत्रलेखक केलें. तथापि कळफलकाची परीक्षा आम्ही एकाच ठिकाणीं घेतों. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत अर्थाचा केवढा भेद! एक विद्यापीठांत, दुसरा लग्नाच्या मांडवांत. तो भेद ज्या 'ऱ'वर अवलंबून आहे, तो सुलभपणें देणारा कळफलक मराठीचा. न देणारा देवनागरीचा असेल, पण मराठीचा नव्हे. २०२४ मध्यें मराठीस अभिजात भाषेचा मान मिळाला याचा आनंद आम्हांसही आहे. परंतु भाषेचा मान रोजच्या रोज राखला जातो तो अशा अर्ध्या अक्षरांतून.

आतां तिसरी पंगत, अन्नदानाची. मराठी विकिपीडिया २००३ सालीं सुरू झाला. त्याच्या ॲपांत जाहिरात नाहीं; खर्च जगभरच्या देणग्यांवर चालतो आणि लेख स्वयंसेवक लिहितात. डॉ. केतकरांस ज्ञानकोशासाठीं मर्यादित कंपनी काढून भागधारक आणि वर्गणीदार गोळा करीत हिंडावें लागलें. त्यांच्या स्वप्नाचा एक अंश आज इंदापूरच्या खेड्यांतील मुलीच्या फोनवर विनासायास उतरतो, हें पाहून मन भरून येतें. पण गुणाची चर्चा करतांना पक्षपात नको. मराठी विकिपीडियांतील पुष्कळ लेख दोन-चार ओळींचे आहेत, आणि कित्येकांची मराठी इंग्रजीच्या सांच्यांतून नुकतीच बाहेर पडलेली दिसते. पंगत मोठी, वाढपी थोडे. मात्र येथें दोषाचा उपाय वाचकाच्याच हातीं आहे: ज्यास ओळ सदोष वाटते त्यानें ती सुधारावी. बाजारी ॲपांत तक्रार करतां येते. येथें दुरुस्ति करतां येते.

या पंक्तींतील दुसरें एक ॲप आमच्या भागास विशेष शोभून दिसतें. उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवण आणि कुंभारगांवच्या कांठीं, हिवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि त्यांस पाहावयास पुण्या-मुंबईचे लोक येतात. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र संस्थेनें 'मर्लिन' आणि 'ईबर्ड' हीं दोन ॲपें फुकट दिलीं आहेत. पहिलें रूपावरून किंवा आवाजावरून पक्षी ओळखण्यास साहाय्य करतें. दुसऱ्यांत आपण काय पाहिलें तें नोंदवावयाचें. येथेंही आपण कांहीं देतों: दिवस, स्थळ, पक्ष्यांची संख्या. पण काय देतों आणि कशासाठीं, हें उघड सांगितलेलें असतें, आणि साऱ्यांच्या नोंदींतून उभें राहिलेलें ज्ञान अभ्यासकांस पुन्हां खुलें असतें. धरणाखालीं ज्यांचीं गांवें गेलीं, त्यांच्याच वंशजांतील नावाडी आज पाहुण्यांस पक्षी दाखवितात. त्यांच्या डोळ्यांनीं ओळखलेला पक्षी जगाच्या नोंदींत जातो, यांत एक प्रकारचा न्याय आहे. घेणें आणि देणें यांतील हा सरळपणा आम्हांस फुकट ॲपांचा आदर्श वाटतो.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, हा सगळा कृतघ्न उद्योग आहे. 'धर्माची गाय आणि दांत कां गं नाय' असें विचारणाऱ्या बाईसारखें, फुकट मिळालेल्या वस्तूची उणीं काढणें शहाण्यास शोभत नाहीं. आक्षेप आम्हांस मान्य आहे. मात्र त्यांतील 'धर्माची' या शब्दावर आम्ही बोट ठेवतों. गाय खरोखर धर्माची असेल, तर दांत मोजूं नयेत. म्हणूनच विकिपीडियाच्या थिट्या लेखांवर आम्हीं कठोर शब्द वापरला नाहीं. पण जी गाय आपल्या दावणीस बांधली जाते, आपली वैरण खाते आणि तिचें दूध मात्र दुसऱ्याच्या घरीं जातें, ती धर्माची नव्हे. आणि जी गाय बांधून घेतल्यावांचून सातबाऱ्यावर पीक उगवत नाहीं, तिचे दांत, शिंगें, खूर सर्व मोजले पाहिजेत. मोजणें हें त्या वेळीं नागरिकाचें कर्तव्यच होतें.

म्हणून आमचा निर्णय असा. आपत्तीच्या घटकेपुरतें बोलून गप्प बसणारें 'दामिनी' हें कामाच्या कसोटीवर श्रेष्ठ. शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द दप्तरांतून यंत्रांत नेणारें 'ई-पीक पाहणी' हें भाषेच्या कसोटीवर श्रेष्ठ, परंतु मुभेच्या कसोटीवर अनुत्तीर्ण. आणि उघडपणें घेऊन उघडपणें परत देणारीं पक्षिनिरीक्षणाचीं ॲपें तिन्ही प्रश्नांस बव्हंशीं उतरतात. सरकारनें करावयाचें तें सोपें आहे: प्रत्येक सक्तीच्या ॲपाशेजारीं एक माणूस, एक कागद आणि एक पेन कायम ठेवावें, म्हणजे तें ॲप आपोआप ऐच्छिक होईल आणि लोक तें अधिक प्रेमानें वापरतील. वाचकानें करावयाचें तेंही अवघड नाहीं. फोनवर नवें ॲप घेतांना अटींच्या तळाशीं असलेल्या 'मान्य' या शब्दावर बोट टेकण्यापूर्वीं, शेजारीं 'अमान्य' हा शब्द आहे कीं नाहीं, एवढें पाहावें. तो असेल तर वस्तु फुकट आहे. नसेल, तर तिचें मोल काय, तें विचारल्यावांचून राहूं नये.